मुक्काम पोस्ट पुस्तकाची पाठ

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चहात साखर किती घालू असं विचारावं इतक्या सहज सुरात विचारलं, "मग बाइंडर, गेली अकरा वर्षं तुम्ही या देशात होतात, याला पुरावा काय?"

बाइंडरला खुर्चीत बसल्याबसल्या ठेच लागली. अकरा वर्षांत त्यानं मनातल्या मनात पुष्कळ अधिकाऱ्यांना पुष्कळ उत्तरं दिली होती. परत का गेला नाहीत, राहिलात कुणाकडे, काम कुणाचं करता, ही सगळी प्रश्नपत्रिका त्याची तोंडपाठ होती. आपण इथे होतो की नाही हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमातच नव्हता. उलट आपण इथे नाही, हे जमवण्यात त्याची सगळी हुशारी खर्ची पडली होती. खोली चुलतभावाच्या घराच्या मागच्या बाजूची, विजेचं बिल वहिनीच्या नावावर, घंटीपाशी अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव. बसमध्ये कॅमेरा असतो असं कुणीतरी सांगितलं तेव्हापासून तो कामावर पायी जाई. दाढ दुखली तेव्हा त्यानं लवंग धरली, आणि लवंगेनं भागेना तेव्हा दाढ स्वतःच्या हातानं काढली. पुतण्याच्या प्रत्येक वाढदिवसाला फोटो काढायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं. त्या घरातल्या अकरा वर्षांच्या फोटोंत सगळे आहेत आणि सगळे त्याच्याकडे बघून हसताहेत. तो कुठेच नाही. इतकं स्वच्छ काम झालं होतं, की आता ते बघून त्याची त्यालाच धडकी भरली.

"एकसुद्धा कागद नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"कागद असता तर पकडला नसतो का गेलो?"

"अगोबाई, हे एक बरं सांगितलंत!" वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म इथलाच. कोर्टात त्या इथली भाषा धारदार सुरीसारखी चालवत, पण मराठी त्या आजीच्या मांडीवर शिकल्या होत्या आणि आजीबरोबरच ती थांबली होती. त्यामुळे काळा कोट घातलेली ही पस्तिशीची बाई मराठीत पंचाहत्तर वर्षांची होई. "हे बघा, नवा कायदा असा आहे. मुदत उलटून राहिलेला असेना का माणूस, पण दहा वर्षं सलग राहिला असेल आणि कुठे मारामारी-चोरी केली नसेल, तर त्याला रीतसर राहू द्यायचं. दर तीन महिन्यांचा एक पुरावा हवा. मध्ये खंड नको. तेवढं जमलं तर तुम्ही खुशाल घरी जाल, मुलीला भेटाल, परत याल. नाही जमलं तर आपला पत्ता आपणच त्या मेल्यांना कळवला असं होईल. आठवड्याच्या आत विमानात बसवतील, आणि पुन्हा या देशाचं नाव काढायचं नाही."

बाइंडर मान हलवत राहिला. गेला तर परत येता येत नव्हतं आणि परत यायचं असेल तर जाता येत नव्हतं, या दोन भिंतींमधल्या फटीत तो अकरा वर्षं राहिला होता. फट सवयीची झाली होती. मुलगी सहा वर्षांची होती ती सतराची झाली. फोनमध्ये तिचा आवाज बदलला, तेव्हा त्याला क्षणभर वाटलं की नंबर चुकला. आणि हे सगळं कशामुळे, तर एका शिवणीमुळे. हे तो कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की माणसं आधी हसत आणि मग त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत. तीन महिन्यांच्या परवान्यावर तो चुलतभावाकडे आला होता, पुस्तकबांधणीच्या नव्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला. यंत्रं बघून झाली, आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर बसला असताना त्यानं स्वतःचा पासपोर्ट पहिल्यांदाच नीट, धंद्याच्या नजरेनं पाहिला. मधल्या पानातून दोरा सुटत आला होता. शिक्का केवढा तोऱ्यातला, आणि शिवण अशी, की गोणपाट शिवणारासुद्धा लाजेल. बाइंडरचे हात शिवशिवले. त्यानं पासपोर्ट पानापानानं सोडवला, मेण लावलेल्या दोऱ्यानं पाच भोकांवर पुन्हा शिवला, कडा केसभर तासल्या, पाठीला आतून कापड लावलं आणि दोन दिवस तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं तो चुलतभावाच्या हातात दिला. "आता शंभर वर्षं बघायला नको," तो म्हणाला. चुलतभावाच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे शहाण्या, याला छेडछाड म्हणतात! विमानतळावर हे बघितलं तर तुला आत टाकतील. आणि तुझ्याबरोबर मला!" मग दोघांनी बसून अक्कल चालवली. पासपोर्ट फार नवा दिसतो, जरा मळू दे, मग कुणाच्या लक्षात येणार नाही. चुलतभाऊ तो खिशात घालून हिंडला, वहिनीनं तो ओट्यावर ठेवून बघितला. पण चांगली बांधणी लवकर मळत नाही. पासपोर्ट मळायची वाट बघण्यात परवान्याची तारीख निघून गेली, आणि ती गेली म्हटल्यावर मग पुढच्या तारखांना कोण विचारतो.

अकरा वर्षांनी, गेल्याच आठवड्यात, अर्जासाठी नवा पासपोर्ट हवा म्हणून वकीलबाईंनी त्याला ओढतच वकिलातीत नेलं. तिथल्या कारकुनानं जुना पासपोर्ट उलटापालटा केला, अंगठा लावून पानं फर्रकन सोडली आणि म्हणाला, "बांधणी छान आहे. आमच्याकडे सगळे सुटून येतात." मग त्यानं नव्याचा फॉर्म पुढे सरकवला. एवढंच. बाइंडर बाहेर येऊन पायरीवर बसला. समोरून माणसं जात होती, गाड्या जात होत्या, आणि कारकुनाच्या त्या एका वाक्याच्या आत त्याची अकरा वर्षं आरामात मावली होती. रागही येईना. एवढ्या मोठ्या गोष्टीवर रागावायचं म्हणजे कुणीतरी समोर हवं. तो नुसता आ वासून बसून राहिला.

"डायरी लिहिता?" वकीलबाईंनी आता विचारलं.

"नाही."

"पत्रं?"

"फोन असताना पत्रं कशाला?"

"भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा? काहीतरी लिहिलं असेल की हो अकरा वर्षांत! माणूस आहात का कोण?"

"लिहिलं ते पाठीत."

"कुणाच्या?"

मग त्याला सांगावं लागलं. हे गुपित नव्हतं, पण सांगण्यासारखं काही आहे असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. गावी ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्याची ही रीत. पुस्तकाची पाठ मिटताना कापड आणि शिवण यांच्यामध्ये पोकळी राहते. उस्ताद तिच्यात कागदाची एक पट्टी सरकवत. पट्टीवर तारीख आणि त्या दिवशी मनात जे असेल ते एक वाक्य. "पाठ रिकामी मिटायची नाही," ते दटावत. "पन्नास वर्षांनी कुणीतरी दुरुस्तीला उघडेल, त्याला कळलं पाहिजे की आपल्या आधी इथे कुणीतरी बसलं होतं." इथे ज्या बांधणीच्या दुकानात बाइंडर मागच्या खोलीत काम करी, तिथे शहरातल्या मोठ्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं येत. आठवड्याला आठ-दहा. हात आपोआप पट्टी कापत, आपोआप लिहीत, आपोआप सरकवत. जेवणानंतर सुपारी तोंडात टाकावी तसं. मालक चांगला होता, पण साक्ष द्यायला तयार नव्हता. "मी तुला ओळखतो असं सांगितलं, तर ते मलाही ओळखतील," असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. दुकानाच्या वहीत बाइंडरचं नाव नव्हतंच.

वकीलबाईंनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आणि दुरुस्त होऊन आलेल्या पुस्तकावर वाचनालय तारखेचा शिक्का मारतं?"

"शेवटच्या पानावर. मारतातच."

"देवा," वकीलबाई म्हणाल्या, आणि ते मराठी त्यांचं स्वतःचं होतं, आजीचं नव्हतं.

वाचनालयाच्या तळघरात सकाळी नऊ वाजता चार माणसं जमली. बाइंडर, वकीलबाई, ग्रंथपाल आणि अधिकारी. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. तो उंच, वाकलेला आणि अत्यंत नम्र होता, आणि नम्र अधिकाऱ्याला कसं घाबरायचं हे बाइंडरला माहीत नसल्यानं त्याचा गोंधळ उडाला होता. ठरलं होतं ते असं : दर तीन महिन्यांचं एक पुस्तक, आणि ते अधिकारी निवडणार. ग्रंथपालांची अट एकच, उसवलेलं प्रत्येक पुस्तक बाइंडरनं पुन्हा शिवून द्यायचं. बाइंडरची अट त्याहून लहान होती. सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

पहिलं पुस्तक माशांवरचं होतं. बाइंडरनं ते पालथं घातलं, आणि त्याच्या हाताला ते ओळखीचं लागलं. आपलीच शिवण, जरा घट्ट; तेव्हा तो नवा होता आणि भीतीनं सगळंच घट्ट ओढायचा. त्यानं कापडाच्या कडेला सुरीचं टोक घातलं. स्वतःचं चांगलं काम फाडताना छातीत कसं होतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. कापड सुटलं, जुन्या खळीचा आंबूस वास आला, आणि पोकळीतून कागदाची पट्टी अर्धी बाहेर आली. त्यानं ती काढली नाही. अधिकाऱ्यानं चिमट्यानं काढली, शिक्क्याच्या तारखेशी ताडून बघितली आणि वकीलबाईंकडे दिली.

वकीलबाईंनी ती वाचली. "'बोट कापलं. कुणाला सांगणार.'" मग इथल्या भाषेत. अधिकाऱ्यानं वहीत लिहून घेतलं आणि आकडा घातला. एक.

दुसरं पूल कसे बांधावेत याचं. 'आज फोन लागला नाही.' तिसरं कुणा राणीचं चरित्र. 'समोरच्या घरातला म्हातारा गेला. त्याचं माझं बोलणं नव्हतं, तरी.' चौथ्यात, 'आज कुणाशीच बोललो नाही. पुस्तक चांगलं झालं.' अधिकारी मधल्या काळातली काही सोडून पुढच्या वर्षांकडे गेला. एका पाकशास्त्राच्या पाठीतून पट्टी निघाली, 'मुलीचा दात पडला म्हणे. कुठला ते विचारायचं राहिलं.' वकीलबाईंनी ते भाषांतरून सांगितलं. अधिकाऱ्यानं नाक पुसलं आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारताहेत," वकीलबाई म्हणाल्या, "नंतर कळलं का? कुठला ते?"

बाइंडर गोंधळला. "याचं उत्तर द्यावं लागतं?"

"नाही हो. ते असंच विचारताहेत."

"नाही कळलं," बाइंडर म्हणाला. अधिकाऱ्यानं मान हलवली आणि तेही लिहून घेतलं.

टेबलावर पुस्तकं वाढत चालली. बाइंडरचे हात काम करत होते आणि तो स्वतः जरा बाजूला उभा राहून बघत होता. त्याला वाटत आलं होतं की अकरा वर्षं म्हणजे एकच लांब, राखाडी दुपार. तिला ना नाव ना गाव. आणि इथे तर तिचे तुकडे निघत होते, एकेक तारीख लावून. त्या तारखेला कुणीतरी बोट कापून घेतलं होतं. कुणीतरी खिडकीत आलेल्या कबुतराला हाकललं होतं आणि नंतर वाईट वाटून घेतलं होतं. त्याला त्या माणसाविषयी विलक्षण आदर वाटायला लागला. कसा राहिला असेल हा? कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, आणि हा आपला रोज पट्टी कापून लिहितोय. या शहरातल्या हजार घरांत, लोकांच्या उशाशी, शाळेच्या दप्तरांत, दवाखान्यांच्या बाकांवर तो वर्षानुवर्षं पडून होता. लोक त्याच्या पाठीवर अंगठा ठेवून वाचत होते. आपण लपलो होतो असं त्याला वाटत होतं. आणि लपला कुठे, तर वाचनालयात, जिथून कुणीही कार्ड दाखवून घरी घेऊन जावं. तळघरातला दिवा तसाच होता, अधिकारी तसाच शिंकत होता, पण बाइंडरला एखाद्या मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटलं, आणि चप्पल बाहेर काढायची राहिली असावी असा चटका लागला.

मग अधिकारी सोडलेल्या वर्षाकडे वळला. दुसरं वर्ष. त्यानं एक पुस्तक निवडलं. बाइंडरनं ते उघडलं. पोकळीत काही नव्हतं.

अधिकाऱ्यानं दुसरं निवडलं. रिकामं. तिसरं, त्याच्यानंतरच्या महिन्यातलं. रिकामं. ग्रंथपालांनी आपण होऊन चौथं आणून दिलं. बाइंडरनं सुरी टेकवायच्या आधीच मान हलवली.

"पाच महिने," अधिकारी वही बघून म्हणाला. वकीलबाईंनी सांगायची गरज नव्हती, एवढी भाषा बाइंडरला येत होती. "या पाच महिन्यांत आपण देशाबाहेर होता का?"

बाहेर होता असं ठरलं, तर दहा वर्षं त्यानंतर मोजायची. मग ती भरत नव्हती. वकीलबाई त्याच्याकडे वळल्या. "बोला की हो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तोंडात मिठाची गुळणी धरलीत का?"

"इथेच होतो."

"मग लिहिलं का नाही?"

बाइंडरनं उसवलेल्या चारही पाठी ओळीनं सरळ लावल्या. "तेव्हा आई गेली," तो म्हणाला. "मला जाता आलं नाही. पट्टी कापायचो. मग ती तशीच टाकून द्यायचो."

वकीलबाईंनी ते भाषांतरलं नाही. अधिकाऱ्यानं विचारलं की काय म्हणाले, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यानं नम्रपणे, फार हळू आवाजात सांगितलं की वाईट वाटलं, पण रिकामी पाठ हा पुरावा होत नाही. आठवडाभरात दुसरं काही असेल तर आणावं.

आई गेली त्या दिवसाबद्दल नवरा-बायको कधी बोलली नव्हती. नऊ वर्षांहून जास्त काळ दोघं फोनवर गॅस, फी, गळकी मोरी, मुलीचे मार्क यांबद्दल बोलत आली होती, आणि त्या दिवसाला दोघंही वळसा घालून जात. बाइंडरनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या अंगणात उभं राहून फोन लावला.

"बोला," बायको म्हणाली. "आज मधेच?"

"आईच्या वेळचा काही कागद आहे का गं? हॉस्पिटलातला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"इतक्या वर्षांनी विचारताय."

"वकीलबाईंना हवाय."

"हां. वकीलबाईंना हवाय होय." मग कपाट उघडल्याचं ऐकू आलं. ती परत आली तेव्हा आवाज बदलला होता. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखा. "'मी खाली सही करणार, मयताची सून, लिहून देते की मयताचा एकुलता एक मुलगा परदेशी असून आज रोजी येऊ शकत नाही. सबब प्रेत माझे ताब्यात देण्यात यावे.' खाली माझी सही, तारीख. गोल शिक्का."

बाइंडरनं तारीख पुन्हा सांगायला लावली.

"तुमच्या मामांनी तेव्हा धोशा लावला होता," ती म्हणाली. "'मुलगा वाटेत आहे' असं लिही म्हणे, चारचौघांत बरं दिसेल. मी म्हटलं, सरकारी कागदावर खोटं मला जमायचं नाही. वाटेत नाहीत तर नाहीत. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. "चला, फोटो काढून पाठवते. भात राहिलाय."

कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला तेव्हा वकीलबाईंनी तो ओळीओळीनं सांगितला. 'सबब' शब्दशः कसं सांगावं ते त्यांना कळेना, आणि त्या ते तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून अडखळल्या. अधिकाऱ्यानं कागदावरची तारीख बघितली, मग वहीतल्या पाच महिन्यांच्या रिकाम्या रकान्याकडे बघितलं. तारीख त्याच्या बरोबर सुरुवातीला होती. बराच वेळ त्याला शिंकसुद्धा आली नाही. मग त्यानं एक वाक्य लिहिलं, त्याखाली आकडा घातला, आणि वकीलबाईंना वाचायला वही फिरवली.

"काय लिहिलं?" बाइंडरनं विचारलं.

वकीलबाईंनी वही जवळ ओढून मराठीत सांगितलं. "'ज्या काळात मुलाला कोणत्याही परिस्थितीत मायदेशी जाणे भाग होते, त्या काळात तो मायदेशी नव्हता असे तेथील सरकारी कागद सांगतो. अर्जदार याच देशात होता, असे मानण्यास हरकत नाही.'"

बाइंडरनं ते पुन्हा वाचायला लावलं. अकरा वर्षांतला जो दिवस त्यानं कुणाला दाखवला नव्हता, स्वतःलाही नाही, तो एका अनोळखी सर्दीच्या माणसानं उचलून उजेडात धरला होता, आणि बाकी सगळ्या पट्ट्यांपेक्षा तोच वजनदार भरला होता. बायको नसती तर तो नसता. तिनं मामांचं ऐकलं असतं, एवढंसं खोटं लिहिलं असतं, तर आज कागदोपत्री तो वाटेत असता. हे एवढं मोठं यंत्र, हे कायदे, ही कार्यालयं, सगळं येऊन टेकलं होतं ते एका बाईच्या हट्टाच्या टोकावर, जिला बरं दिसण्याची पर्वा नव्हती. त्याला उठून उभं राहावंसं वाटलं. तो उभा राहिला. अधिकाऱ्याला वाटलं हा निघाला, म्हणून त्यानंही उठून हात पुढे केला.

परवान्याचं पत्र सात आठवड्यांनी आलं. तोवर उसवलेल्या पुस्तकांतली तीसेक त्यानं शिवून परत दिली होती. पत्रावर त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अगदी नीट टाइप केलेलं होतं. त्यानं ते दुकानाच्या दारात, रस्त्याच्या बाजूला उभं राहून उघडलं. मग घरी फोन लावला.

"झालं," तो म्हणाला. "आता जायला-यायला मोकळीक आहे. पुढच्या महिन्यात येतो म्हणतो."

 पलीकडे तिनं मुलीला हाक मारली नाही, ती रडली नाही. वही ओढल्याचा आवाज आला, पेन शोधल्याचा.

"या की," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना लाड. खरंच नोंद करून ठेवायची असावी तसा. "तारीख सांगा. आणि किती दिवस राहणार?"

बाइंडरनं तोंड उघडलं. अकरा वर्षं पाठ केलेल्या उत्तरांत ते उत्तर नव्हतं, आणि इतका मोठा प्रश्न त्याला आजवर एकाही अधिकाऱ्यानं विचारला नव्हता. तो फोन कानाशी धरून भर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिला. पलीकडे ती पेन उघडून थांबली होती.